प्रतिसाद: एल्कच्या शिकारीसाठी कॅलिबरआधी (गोळीच्या व्यासाआधी) गोळीची रचना पाहावी

एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या शिकारीला .३०-०६ ही नेहमीच्या काडतुसाची रायफल पुरेशी की मॅग्नम, म्हणजे जास्त वेगाच्या काडतुसाची, हवी, यावर वर बरीच चर्चा झाली आहे. माझ्या मते मात्र गोळीच्या रचनेचा प्रश्न त्याआधी यायला हवा. एल्कचा प्रौढ नर सुमारे ३०० किलोंचा असतो आणि त्याच्या खांद्याचे हाड साध्या हरणापेक्षा कितीतरी जाड असते. शिशावर तांब्याचे पातळ आवरण असलेली साधी गोळी मॅग्नमच्या वेगाने जवळून त्या हाडावर बसली, तर फुप्फुसापर्यंत पोहोचण्याआधीच फुटू शकते. म्हणजे जास्त वेग इथे उलट नडतो. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांना मूसच्या (एल्कपेक्षाही मोठ्या हरणाच्या) शिकारीत असाच अनुभव आल्यावर त्यांनी १९४० च्या दशकात 'पार्टिशन' गोळी घडवली. तिच्या मध्यावर तांब्याची आडवी भिंत असल्याने पुढचा भाग फुलतो, म्हणजे पसरून रुंद होतो, आणि मागचा शाबूत राहून खोल शिरतो.

निव्वळ तांब्याची गोळी वजन जवळजवळ टिकवून ठेवते, त्यामुळे १८० ग्रेनऐवजी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) १६५ ग्रेनची गोळीही चालते. मात्र लांब पल्ल्यावर वेग फार उतरला की ती नीट फुलत नाही, हे वर कोणी नोंदवलेले दिसले नाही. कॅलिफोर्नियात तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण शिशामुळे काँडोर गिधाडांना होणारी विषबाधा लक्षात घेऊन तिथे जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित दारूगोळाच बंधनकारक आहे. अमेरिकेतल्याच कोलोराडोत एल्कसाठी गोळीचे वजन किमान ८५ ग्रेन असण्याची अट आहे, पण ती कायद्याची किमान मर्यादा आहे, शिफारस नव्हे.