कॉर्न स्नेकची अंडी: दहाव्या दिवशीच खळगे पडलेत, पाणी घालू का?

सळसळ:
माझ्या कॉर्न स्नेकची (हा बिनविषारी पाळीव साप) एकमेकांना चिकटलेली १४ अंडी घोसासकट प्लॅस्टिकच्या डब्यात, ओल्या व्हर्मिक्युलाइटवर (पाणी धरून ठेवणारं हलकं, भुसभुशीत खनिज) ठेवली आहेत. डबा थर्माकोलच्या पेटीत, तापमान २८ अंश. वरच्या तीन अंड्यांना खळगे पडलेत, कडेच्या एकावर हिरवट बुरशी आहे. पाणी फवारू का? ते अंडं तोडून काढू का?

पेटीवाला:
इतक्या लवकर खळगा म्हणजे बहुतेक ओल कमी पडतेय. (शेवटच्या आठवड्यात पडला तर घाबरू नका, तेव्हा अंडं सैल पडतंच.) वरची अंडी व्हर्मिक्युलाइटला टेकत नाहीत, म्हणून आधी तीच सुकतात. अंड्यांवर फवारू मात्र नका. डब्याच्या कडेने कोमट पाणी चमच्याचमच्याने सोडा आणि घोसावर ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं शेवाळ) पांघरा.

पुढच्या वेळी व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखं घ्या, १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, थेंब गळू नये. भरलेल्या डब्याचं वजन झाकणावर लिहून ठेवा, मग जेवढं घटेल तेवढंच पाणी घालायचं.

निशाचर:
बुरशीवालं अंडं ओढलंत तर शेजारच्याचं कवच फाटेल. अंधारात छोटा टॉर्च कवचाला टेकवून बघा. लालसर शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत, नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं पोचट. पोचट असलं तरी राहू द्या, बुरशी फक्त कापसाच्या बोळ्याने टिपा. आणि घोस उलटा होऊ देऊ नका! गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटलेला असतो, अंडं फिरलं की तो दगावू शकतो. माथ्यावर पेन्सिलने खूण करा.

(शेतात सापडलेल्या धामणीच्या अंड्यांवर हा प्रयोग कुणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, वनविभागाला कळवा.)

सळसळ:
बुरशीवाल्यात शिरा नाहीत, बाकी १३ मध्ये आहेत. थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पेटीच्या भिंतीला चिकटवलाय, चालेल?

पेटीवाला:
नाही. भिंतीजवळचं आणि डब्यातलं तापमान सारखं नसतं. प्रोब डब्यात, अंड्यांच्या उंचीवर हवा. २७ ते २९ अंश ठेवा. ३२ च्या वर गेलं की पिल्लांचे कणे वाकडे होण्याची भीती असते. झाकणाला आतून थेंब धरत असतील तर डबा किंचित तिरका करा, म्हणजे पाणी अंड्यांवर न पडता कडेला ओघळेल. साधारण ६० दिवसांनी कवचाला चीर पडेल. पिल्लू डोकं बाहेर काढून दिवसभर, कधी दोन दिवसही तसंच बसतं. तेव्हा हात लावू नका, उरलेला बलक अजून पोटात जायचा असतो.