अनुभव धागा : हाऊस-टेक्नोचं नवं रिलीज आलं की…

हाऊस आणि टेक्नो, म्हणजे क्लबात नाचायला लावतात ते इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकून ऑफिसातला एक जण म्हणाला, "सहा मिनिटं तेच धप धप, यात नवं काय नि जुनं काय!" म्हणून हा धागा. नवी ईपी (अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या ट्रॅकची) कुठे ऐकता, विकत घेता का, स्वतः काही काढलं असेल तर त्याचं काय झालं, मोकळेपणाने लिहा. माझं म्हणणं एवढंच की हे ट्रॅक डीजेसाठी बांधलेले असतात. सुरुवातीला मिनिटभर नुसती किक (ड्रमचा तो धप) आणि हायहॅट (झांजेचा चिक-चिक) असते, ती आधीच्या ट्रॅकवर चढवायला. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका.

किकवाला, पुणे
मी हाऊसची ईपी काढली, 126 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 126 ठोके. सगळ्यात जास्त वेळ किक आणि बेसचं भांडण सोडवण्यात गेला. किक पडली की बेसने क्षणभर दबायचं, म्हणजे साइडचेन. ते जास्त झालं की ट्रॅकला धाप लागल्यासारखी वाटते. बेसचा खालचा आवाज मोनो (दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून एकच) ठेवला, कारण बऱ्याच क्लबांत तो तसाच वाजतो.
पैशाचं म्हणाल तर बँडकॅम्प (कलाकार स्वतःचं संगीत विकतात ती साइट) डिजिटल विक्रीतले 15 टक्के घेतं, वर पेमेंटचा खर्च. पहिलं गिऱ्हाईक लिस्बनचं निघालं. आमच्या गल्लीतली पोरं "भावा, फुकट लिंक पाठव ना!"

सोमवारकर, बर्लिन
इथे हार्ड वॅक्स म्हणून 1989 पासूनचं रेकॉर्डचं दुकान आहे. हेडफोन लावायचे, रेकॉर्ड स्वतः लावून ऐकायची. एका क्लबात शनिवारी एक बेसलाइन डोक्यात बसली. तिथे दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, फोन बाहेर काढला की आजूबाजूचे वळून बघतात. मग सोमवारी काउंटरवर गुणगुणून दाखवली. टेक्नो गुणगुणून बघा एकदा! त्या माणसाने ओळखली, वर पांढऱ्या लेबलची (नाव न छापलेली) आणखी एक रेकॉर्ड काढून दिली.
2024 मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आईला कळवलं. "बरं, पण जेवतोस ना वेळेवर?"

उन्हाळी डीजे, गोवा
रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून किनाऱ्यावरचे सेट दुपारीच सुरू होतात. चार वाजता उन्हात 135 चा टेक्नो लावला की माणसं सावली गाठतात. तेव्हा 118-120 चं, पर्कशन जास्त असलेलं हाऊस. नवं रिलीज घेताना मी आधी बघतो, हे किती वाजता वाजेल?

सरगम, ठाणे
मी गाणं शिकलेली, टेक्नोशी संबंध नव्हता. चरणजित सिंग यांच्यामुळे आले. हिंदी सिनेसंगीतात वाजवणारा हा माणूस 1982 मध्ये मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवतो, रोलंड कंपनीच्या टीबी-303 (बेस वाजवणारा सिंथेसायझर) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) वर! याच 303 च्या आवाजावर उभं असलेलं ॲसिड हाऊस, शिकागोच्या फ्यूचर (Phuture) या गटाचं, आलं 1987 मध्ये. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा चालली नाही, 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती कानाला मींडेसारखी लागते. आता नवीन ॲसिड ट्रॅकमध्येही मी तेच शोधते. बहुतेकांत सापडत नाही. नुसता चिरका आवाज.

पाहुणा
दोन ट्रॅक ऐकले. डोकं दुखलं. तिसरा भांडी घासताना लावला, तो चालला.

सरगम, ठाणे
@किकवाला, ईपीची लिंक?

किकवाला, पुणे
टाकतो. विकत घ्या हं.