विंडोज ११ टाकलं आणि पैसे भरून घेतलेलं डिझाइन सॉफ्टवेअर मला ओळखेनासंच झालं

फ्लेक्सवालो_फोंडा
नमस्कार मंडळी. फोंड्यात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं बारकं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं वगैरे. २०१८ चा पीसी, आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, आणि त्यावर डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे ते दर महिन्याच्या भाड्याचं नाही, एकरकमी पैसे मोजून घेतलेलं, बिल आहे, त्याचा खोका पण अजून कपाटावर आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला तेव्हापासून बायको मागे लागलेली की तुम्ही बँकेची कामं पण याच पीसीवर करता, ११ टाकून घ्या. शेवटी रविवारी दुकान बंद ठेवून टाकलं. फाइली, फॉन्ट, प्रिंटर सगळं जागच्या जागी होतं, मी खूश. सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणतं अ‍ॅक्टिव्हेट करा. सीरियल नंबर टाकला तर 'मॅक्झिमम अ‍ॅक्टिव्हेशन्स रीच्ड', म्हणजे जेवढ्या मशीनची परवानगी तेवढी भरली. आता फाइल उघडते पण सेव्ह आणि प्रिंट दोन्ही करडे पडलेत, दाबताच येत नाहीत. अहो पीसी तोच, टेबल तेच, मी पण तोच! शनिवारपर्यंत एका गावच्या नाटकाचं पोस्टर द्यायचंय, बावीस कलाकारांचे बावीस फोटो, आणि एकाचा जरी दुसऱ्यापेक्षा लहान आला तरी माझी धडगत नाही. कंपनीचं नाव इथे घेत नाही, उगाच वाद नको.

म्हापशेकार
घाबरू नको रे. अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर परत जाता येतं. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' असेल. दहावर परत जा, सॉफ्टवेअरच्या मेन्यूतून डीअ‍ॅक्टिव्हेट कर, म्हणजे या मशीनची जागा मोकळी होईल, आणि मग पुन्हा अकरा टाक. फक्त डिस्क क्लीनअप चालवू नको, सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर असतं ते गेलं की परतीची वाट बंद.

शॅक_नंबर_सात
पात्रांव, एवढं कशाला? यूट्यूबवर खोटा सीरियल नंबर बनवणारा कीजेन मिळतो, पाच मिनिटांचं काम.

डिचोलीतली_डीटीपी
सात नंबर, त्यांच्याकडे बिल आहे आणि तुम्ही त्यांना चोरी करायला सांगताय. माझ्याच दुकानात झालेलं सांगते. आधीच्या मुलाने लायसन्सशिवाय चालवायला क्रॅक टाकला होता, मी नंतर रीतसर विकत घेतलं, तर काही केल्या अ‍ॅक्टिव्हेट होईना. तीन दिवस नेटवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी सिस्टम ३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर त्या क्रॅकने कंपनीच्या सर्व्हरचे सगळे पत्ते १२७.०.०.१ वर वळवून ठेवलेले. म्हणजे माझा पीसी कंपनीला विचारायच्या ऐवजी स्वतःलाच विचारत बसलेला. त्या ओळी काढल्या आणि झालं.
फोंडेकर दादा, तुम्हाला मात्र सर्व्हर उत्तर देतोय, फक्त 'संपले' म्हणतोय, तेव्हा तुमचा प्रकार वेगळा. किती मशीनची परवानगी आहे? दुसऱ्या कुठल्या मशीनवर टाकलेलं असेल तर तिथून डीअ‍ॅक्टिव्हेट करा, एक जागा मोकळी होईल.

फ्लेक्सवालो_फोंडा
दोन मशीनची आहे ताई. दुसरा घरचा लॅपटॉप होता, गेल्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला, भंगारवाल्याला देऊन टाकला. डीअ‍ॅक्टिव्हेट वगैरे काही केलं नाही, डोक्यातच आलं नाही.
@म्हापशेकार भाऊ, आज रात्री गो बॅक करून बघतो.

केप्यातलो
थांबा थांबा, गो बॅक करायच्या आधी एक सांगा. मायक्रोसॉफ्टच्या हेल्थ चेक अ‍ॅपने आधी तुमचा पीसी ११ साठी नापास केला होता का? आणि मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, काही बदललंत, किंवा काळ्या खिडकीत एखादी कमांड दिलीत?

फ्लेक्सवालो_फोंडा
हो की! टीपीएम २.० नाही आणि सिक्युअर बूट नाही, ही ११ ला लागणारी सुरक्षेची दोन साधनं, असं लाल फुलीनं आलं होतं. भाच्याने व्हिडिओ बघून बायोसमध्ये पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलंच टीपीएम, चालू केलं, आणि एक एमबीआर टू जीपीटी अशी कमांड मारली, दोनतीन मिनिटांत झाली. मग बायोसमध्ये पीसी सुरू व्हायची जुनी लेगसी पद्धत काढून नवी यूईएफआय केली. त्यानंतर हिरवं टिक आलं. त्याच्यामुळे झालं का हे?

केप्यातलो
माझा अंदाज तोच. आता जरा लांबण लावतो, पण कळलं तर पुढे उपयोगी पडेल.
तुमचं सॉफ्टवेअर मशीन ओळखतं ते तुमच्या नावावरून नाही, डिस्कची सही, बोर्डचा नंबर, विंडोजची आयडी अशा चारपाच खुणा एकत्र करून ओळखतं. आणि एकरकमी लायसन्सवाली काही जुनी सॉफ्टवेअरं आणखी एक लबाडी करायची. लायसन्सची खूण फाइलमध्ये ठेवली तर कोणीही कॉपी करेल, म्हणून ती डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या पार्टिशनच्या, म्हणजे कप्प्याच्या, आधी जी थोडी मोकळी जागा सुटलेली असते तिथे लपवून लिहायची. विंडोजला ती दिसत नाही, तुम्हालाही नाही. आपल्याकडे जमिनीच्या हद्दीला धोंडा पुरतात तसं. आता एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती. डिस्क एमबीआरची जीपीटी केली की जीपीटी आपला स्वतःचा तक्ता नेमका त्याच जागेत मांडते, पहिल्या ३४ सेक्टरांत. धोंडा गेला, डिस्कची सही पण बदलली. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही म्हणून वाटतं काहीच झालं नाही, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी हा तिसरा पीसी. एक भंगारातला लॅपटॉप, एक तुमचाच जुना पीसी जो आता कुठेच नाही, आणि हा नवा.
म्हणून म्हणतो, म्हापशेकार भाऊंचा सल्ला एरवी शंभर टक्के बरोबर, पण गो बॅकने विंडोज १० परत येईल, डिस्क जीपीटीच राहील. आणि डीअ‍ॅक्टिव्हेट करायला आधी सॉफ्टवेअरने आपण अ‍ॅक्टिव्ह आहोत हे मानायला हवं ना. ती रात्र वाचवा. दोन्ही जागा कंपनीकडूनच मोकळ्या करून घ्याव्या लागतील.

म्हापशेकार
हे मला माहीत नव्हतं. बरं झालं थांबवलंस, नाहीतर आज रात्रभर जागला असता बिचारा.

डिचोलीतली_डीटीपी
कंपनीला लिहिताना रामायण नको दादा. सीरियल नंबर, बिलाचा फोटो, एररचा स्क्रीनशॉट, आणि दोन वाक्यं: एक मशीन भंगारात गेलं, दुसऱ्याची डिस्क बदलली, दोन्ही अ‍ॅक्टिव्हेशन रीसेट करा. बस. आणि ज्या ईमेलवर रजिस्टर केलंय त्याच ईमेलवरून पाठवा, नाहीतर ते फक्त 'तुम्ही कोण' एवढंच विचारत बसतात.

फ्लेक्सवालो_फोंडा
ईमेलचीच गोची आहे. त्या वेळी डीलरच्या पोराने येऊन टाकून दिलं होतं, ईमेल बहुतेक त्याचंच घातलंय. ते दुकान बंद होऊन चार वर्षं झाली.

डिचोलीतली_डीटीपी
अरे देवा. तरी पाठवा. बिलावर तुमच्या दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर असेल तर तेच तुमचं आधारकार्ड.

फ्लेक्सवालो_फोंडा
मंडळी, झालं! उशिरा लिहितोय, पोस्टरच्या धावपळीत होतो.
मेल मंगळवारी रात्री केला, बुधवारी त्यांचं उत्तर की हा सीरियल दुसऱ्याच्या नावावर आहे. मग बिल, खोक्यावरचं स्टिकर आणि जीएसटी सर्टिफिकेट असं सगळं पाठवलं. शुक्रवारी दुपारी मेल आला, नाव बदललंय, अ‍ॅक्टिव्हेशन शून्य केलंय. सीरियल टाकला आणि सेव्हचं बटण काळं झालं, मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.
तोपर्यंत पोस्टर भाच्याच्या लॅपटॉपवर पंधरा दिवसांची ट्रायल टाकून करत होतो. आणि तिथे दुसरीच कथा. माझे जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत, त्या लॅपटॉपवर ते नव्हते, फाइल उघडली तर श्री शांतादुर्गा प्रसन्नच्या जागी सगळा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊन टाकलं तेव्हा देवी परत आली. यापुढे फायनल झालेलं प्रत्येक काम कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, एक पीडीएफ बाजूला ठेवायची ठरवलंय.
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. केप्यातल्या भाऊंनी थांबवलं नसतं तर मी अजून गो बॅकच करत बसलो असतो.
जाता जाता एक विचारतो. फ्लेक्स मशीनला जोडलेला दुसरा पीसी आहे, त्यावर फाइल मशीनला छापता येईल अशी करणारं रिप सॉफ्टवेअर, त्याला लायसन्सची चावी म्हणून यूएसबी डोंगल. तो पण विंडोज १० वर आहे. त्याचं काय करू?

केप्यातलो
त्याला हात लावू नका. डोंगलचे जुने ड्रायव्हर अकरामधल्या मेमरी इंटिग्रिटी नावाच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये अडकतात, मग एकतर ती बंद ठेवा नाहीतर नवा ड्रायव्हर शोधत फिरा, आणि दोन्ही नाही जमलं तर मशीन उभं. चालतंय तोवर दहावरच चालू द्या. नेटची वायर काढा, फाइल पेनड्राइव्हवरून न्या, आणि तो पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.

फ्लेक्सवालो_फोंडा
वायर काढली. भाच्याला सांगितलंय, त्या पीसीकडे बघायचं पण नाही.