लॉकडाऊनमधला घरातला एकच फोन: तुमचे अनुभव लिहा

रंकाळाकाठ
काल माळा आवरताना जुना फोन सापडला, कोपऱ्यातनं काच तडकलेला. चार्जिंगला लावला तर चालू झाला! गॅलरीत नुसते गृहपाठाचे फोटो. वहीच्या पानावर बोटाची सावली, कडेला भाकरीचं ताट. 2020 चा जुलै. पोरगी सातवीत, पोरगा नववीत, दोघांचा तास दहालाच. ती म्हणायची, दादाला द्या, मी रात्री व्हिडिओ बघते. रात्रीपर्यंत दीड जीबी संपलेला असायचा. आणि मी तिलाच ओरडायचो, सारखं काय फोनमध्ये डोकं! काल पोटात तुटलं. तेव्हा शिकत होता त्यांनी पण लिहा.

बावड्याचा पाऊस
फोन होता हो, रेंज कुठं होती! वाडीच्या वर टेकावर जांभळीखाली जायचं. गगनबावड्याचा जुलै म्हाइताय न्हवं? डोक्यावर खोळ, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवरनंच बोट फिरवायचं. "हजर सर" म्हणेपर्यंत पुढची तीन नावं गेलेली. रोज गैरहजेरी.

गल्लीतली ताई
असळजच्या वरचं टेक का? माझं आजोळ तिकडं!

बावड्याचा पाऊस
त्याच्याबी पुढं ताई. आता रेंज येते थोडी.

भूगोल राहिला
आम्ही दहावीची 2020 ची बॅच. 23 मार्चचा भूगोल आधी पुढं ढकलला, मग रद्दच. नकाशे भरून भरून पाठ केलेले. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क दिले. अकरावीचे मित्र वर्षभर नुसते गोल डीपी. एकाला पुढं एसटी स्टँडवर आवाजावरनं ओळखला.

झेडपीच्या बाई
20 जुलैपासून सह्याद्री चॅनलवर टिलीमिली लागायचं, पहिली ते आठवीच्या अभ्यासाचा कार्यक्रम. टीव्ही असलेल्या घरात शेजारची पोरं बसवायला आम्ही दारोदार सांगत फिरलो. माझ्या वर्गातला एक जण कविता रात्री साडेदहाला व्हॉइस मेसेजवर पाठवायचा. वडील कामावरनं आल्याशिवाय फोन नसायचा. मागं म्हैस हंबरायची, आई "हळू, बाळ उठंल" म्हणायची, म्हणून कविता कुजबुजत. मी जागी राहून ऐकायची, लगेच "छान" लिहायची. वाट बघत असायचा ना तो.

रंकाळाकाठ
बाई, डोळ्यात पाणी आणलं.

भावा जेवलास का
पबजीला सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण आमचा एक जोडीदार पॉझिटिव्ह येऊन सेंटरला होता. घरचं कोण जवळ नाही. रात्री चौघं गेम लावायचो, खेळायचं कोणीच नाही, नुसतं माइकवर बोलायचं. ताप उतरला का, डबा कसला आला. घरात वाटायचं पोरगं वाया गेलं. 2 सप्टेंबरला बंदी आली, तोवर तो बरा होऊन घरी आलेला.

गल्लीतली ताई
दादा, ते फोटो आधी दुसरीकडं काढून ठेवा. जुन्या फोनची बॅटरी फुगते, आमचा तसाच गेला. कुकर झाला, रात्री लिहिते माझं.

रंकाळाकाठ
काढतोय. भाकरीच्या ताटाचा पोरीला पाठवला. म्हणाली, "पप्पा, ताट दादाचं आहे. तो जेवायला बसला की फोन माझ्याकडं यायचा."