मदत हवी आहे: रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्यात आकार सुटे कसे दाखवायचे?

मंडळी, भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढताना रचना जमत नाहीये. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १५०-६०० मिमी लेन्स. सेटिंग साधारण ५०० मिमी, एफ/८, १/१६०० सेकंद.

कॅमेरा पाण्यालगत आणला की पार्श्वभूमी लांब जाऊन छान धूसर होते, पण पक्षी एकामागे एक येतात आणि माना-पायांचा नुसता गुंता होतो. उंचावरून घेतलं तर आकार सुटे होतात, मात्र मागे सगळं गढूळ पाणीच. मधली उंची कोणती धरता? की पुढच्या तिघांच्या मानांमध्ये फट दिसेपर्यंत थांबायचं?

प्रतिबिंब पूर्ण हवं तर पायांखाली पक्ष्याच्या उंचीइतकी जागा सोडावी लागते. मग पाय पाण्याला टेकतात ती कड आपोआप मध्यावर येते. अशा वेळी एक-तृतीयांशाचा नियम (मुख्य रेषा मध्यावर न ठेवता चौकटीच्या तिसऱ्या भागावर ठेवायची) सरळ मोडता का?

ढगाळ सकाळी पाणी-आकाश एकजीव होतं, ती मोकळी जागा मला हवीच आहे. पण +१ एक्स्पोजरला (कॅमेरा ठरवतो त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ) पांढऱ्या पिसांतला तपशील जातो, शून्यावर पाणी मळकट दिसतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) +०.३ वर घेऊन नंतर फक्त पाणी उजळणं बरं का?

होडी जवळ नेऊन थवा उडवण्याचा सल्ला कृपया नको. नमुना फोटो असतील तर सेटिंगसह टाका.