डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढचे दिवस कसे काढलेत?

ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात. किती वेळ लागतो, भूल कशी देतात, दुखतं का, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पट्टी निघाल्यापासून नजर स्थिरावेपर्यंत जो मधला काळ जातो, त्याबद्दल मला आधी कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तो काळ एकट्याने काढावा लागू नये, म्हणून हा धागा. मोतीबिंदू, पडदा, काचबिंदू, बुबुळ, तिरळेपणा, नंबर घालवायचं लेझर, काहीही असो, स्वतःचं असो वा घरच्या कुणाचं. कशाची भीती वाटली आणि आधार कशाने मिळाला ते लिहा. औषधांची नावं मात्र नकोत, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची.

माझ्यापासून सुरुवात करते. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. आधी काळे ठिपके तरंगायला लागले, मग कडेला चमकारे, आणि मग एका बाजूने सावली सरकत आत आली. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पोकळीतला घट्टसर द्रव काढून तिथे वायू भरतात. पडद्याला पडलेल्या भोकाभोवती लेझरचे डाग दिलेले असतात, ते पक्के होईपर्यंत वायूचा बुडबुडा पडद्याला आतून टेकून राहायला हवा. बुडबुडा नेहमी वरच जाणार आणि माझं भोक डोळ्याच्या मागच्या भागात, म्हणून मला मान खाली घालून राहायचं होतं. बसताना, जेवताना, झोपतानाही.

पहिल्या दिवशी वाटलं, जमेल. दुसऱ्या दिवसापासून मान, खांदे, कपाळ सगळं ठणकायला लागलं. पण अंगदुखीपेक्षा जास्त त्रास झाला तो माणसांचे चेहरे न दिसण्याचा. घरात सगळे होते, माझ्याशी बोलत होते, आणि मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. मग माझी धाकटी बहीण एक दिवस सरळ जमिनीवर उताणी झोपली, माझ्या तोंडाच्या बरोबर खाली, आणि गप्पा मारायला लागली. त्या क्षणी मला रडू आलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती तशीच येऊन झोपायची. या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त बळ कशाने आलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

दुसरा आधार बुडबुड्याचाच. डोळा वायूने भरलेला असतो तोवर त्या डोळ्याने हात हलताना कळतो, बाकी काही नाही. मग एक दिवस वरच्या बाजूला उजेडाची बारीक पट्टी दिसते आणि तिच्या खाली एक हलती रेघ, भांड्यातल्या पाण्याच्या पातळीसारखी. रेघेच्या वरचं दिसतं, खालचं नाही. ती रेघ रोज थोडी थोडी उतरते. कोणता वायू भरला त्यावर अवलंबून, पूर्ण विरायला साधारण २ ते ८ आठवडे लागतात. शेवटी एक छोटा काळा गोळा उरतो आणि मान हलवली की घरंगळतो. मला त्याची सोबत वाटायची, कारण आतलं काम पुढे सरकतंय हे तो मला रोज दाखवत होता. वायू डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास अजिबात नाही, उंचीवर तो फुगतो आणि डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी भूल घ्यायची वेळ आली तरी डॉक्टरांना वायूबद्दल आधी सांगायचं. हे घरच्या सगळ्यांना माहीत असू द्या.

आता तुमचं लिहा.

*

निवृत्त शिक्षक आहे. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता. आधी डावा केला, काही आठवड्यांनी उजवा.

पट्टी निघाल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती निळा रंग. मी राखाडी समजत होतो तो माझा स्वेटर निळा निघाला. डावा डोळा मिटून भिंत पाहिली की पिवळट, उजवा मिटून पाहिली की स्वच्छ पांढरी. डॉक्टरांनी समजावलं की वयानुसार नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. मी लहान मुलासारखा घरभर फिरून प्रत्येक वस्तू दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिली.

मधला काळ मात्र अवघड गेला. एका डोळ्याचा नंबर गेलेला, दुसऱ्याचा तसाच, त्यामुळे चष्मा लावला तरी पंचाईत आणि काढला तरी पंचाईत. जिना उतरताना पायरीचा अंदाज येईना. ज्यांचे दोन डोळे वेगवेगळ्या वेळी होणार आहेत त्यांनी या दिवसांत कठड्याचा हात सोडू नये.

रात्री भीती वाटायची की झोपेत डोळा चोळला गेला तर आतलं भिंग सरकेल. शील्ड लावून झोपायचो तरी दचकून जाग यायची. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली एक हकिकत मी मनाशी घोळवत राहायचो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं प्लॅस्टिक फुटून त्याचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, आणि डोळ्यांनी ते बिनतक्रार सामावून घेतले. हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी हेरलं आणि १९४९ साली लंडनमध्ये तशाच पदार्थाचं भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं. ज्या पदार्थाला डोळ्याने तेव्हा सांभाळून घेतलं, त्याच्याच वंशातलं माझं भिंग, ते का बरं नीट राहणार नाही? असा विचार केला की झोप लागायची. खरं तर ते डोळ्याच्या स्वतःच्याच पातळ पिशवीत बसवलेलं असतं, आणि चोळायचं नाही ते मुख्यतः चीर भरून यावी आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. पण रात्री मनाला गोष्टच लागते.

माझं भिंग लांबचं दिसण्यासाठीचं आहे. वाचायचा चष्मा नजर स्थिरावल्यावर, म्हणजे ४ ते ६ आठवड्यांनी मिळतो. तोवर नात वाचून दाखवायची. आयुष्यभर मी मुलांना वाचून दाखवलं, मला कुणी वाचून दाखवण्याची वेळ पहिल्यांदा आली. ती जोडाक्षरावर अडली की मी गप्प राहायचो आणि ती पुन्हा प्रयत्न करून पुढे जायची. चष्मा आल्यानंतरही आम्ही ते वाचन थांबवलेलं नाही.

*

सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांचा मोतीबिंदू झाला तेव्हा थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचे हात थरथरतात. ज्यांच्याकडे ही जबाबदारी येणार आहे त्यांच्यासाठी सांगते.

हात साबणाने धुवायचे. त्यांना आडवं झोपवायचं, वर बघायला सांगायचं, खालची पापणी हलकेच ओढून त्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हळूच दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या औषधांमध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून एकीला एक रबर बँड लावला आणि दुसरीला दोन, म्हणजे बाबांनाही हाताने ओळखता याव्यात.

बाबा दर वेळी दचकायचे. मग मी प्रत्येक थेंबाआधी "बाबा, आता सोडते हं" असं म्हणायला लागले. दचकणं थांबलं. ज्या माणसाला दिसत नाहीये त्याला आधी सांगून मग हात लावावा, हे इतर वेळीही लागू आहे. आणि मधली ५ मिनिटं आम्ही दोघं नुसते बसून असायचो. त्या ५-५ मिनिटांत बाबांनी त्यांच्या लहानपणाबद्दल जेवढं सांगितलं तेवढं आधी कधीच सांगितलं नव्हतं.

*

नंबर घालवायचं लेझर केलंय, पण फ्लॅपवालं, म्हणजे बुबुळाचा पापुद्रा उचलून करतात ते नाही. माझं बुबुळ पातळ, म्हणून वरचा थर काढून लेझर दिलं आणि वर पट्टी म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली. पहिले २-३ दिवस खूप दुखतं, हे आधीच नीट ऐकून जा. डोळ्यातून सतत पाणी, उजेड अजिबात सहन होत नाही. मला आधी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून दुखत असतानाही घाबरले नाही. खोलीत अंधार, पडदे ओढलेले, आणि मैत्रीण फोनवर तासन् तास बोलत होती. स्पीकर चालू ठेवून ती तिची कामं करायची आणि मी नुसती तिच्या घरातले आवाज ऐकत पडायचे. थर भरून आला की लेन्स काढतात. नजर मात्र पुढे कितीतरी आठवडे आज स्वच्छ, उद्या धूसर अशी चालते. कोरडेपणा त्याहून जास्त टिकतो. स्क्रीनसमोर असाल तर मुद्दाम पापण्या मिटा, आपण बघत असताना कमी मिटतो.

*

माझं बुबुळाचं प्रत्यारोपण झालं आहे. यात पूर्ण डोळा बदलत नाहीत, समोरचा पारदर्शक भाग तेवढा बदलतात. केसाहून बारीक नायलॉनचे टाके असतात आणि ते वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ राहू शकतात. टाके एकेक काढतील तसा नंबर बदलतो. म्हणजे "बरा झालो" असं म्हणता येईल असा एक दिवस येतच नाही. मला याच गोष्टीने खचवलं होतं.

सोबतीला शरीराने हे नवं बुबुळ नाकारण्याची भीती. चार खुणा मला पाठ करायला सांगितल्या: लाली, उजेड खुपणं, धूसर होणं, दुखणं. यातलं काहीही झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं, कारण लवकर औषध मिळालं तर बुबुळ बऱ्याचदा वाचतं. सुरुवातीला मी तासातासाला आरशात बघायचो. पत्नीने ठरवून दिलं, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, त्याच खिडकीपाशी, दुसरा डोळा झाकून तेच कॅलेंडर बघायचं. मधे नाही. त्या नियमाने माझा दिवस मला परत मिळाला.

आणि देणारा. कुणाच्या तरी घरच्यांनी त्यांच्या सर्वांत वाईट दिवशी होकार दिला म्हणून मला दिसतंय. असं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केलं. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला एका ११ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातलं बुबुळ बसवलं होतं. त्या मुलाचा डोळा इजेमुळे काढावा लागला होता. मी त्या मजुराचा आणि त्या मुलाचा खूप विचार केला. माझा देणारा कोण ते मला माहीत नाही, पण रोज पहिला थेंब घालताना मी त्याला नमस्कार करतो. भीती वाटली की हेच करतो.

*

इथे सगळ्यांना दिसायला लागलंय, मला वेगळं लिहायचं आहे. माझं ऑपरेशन काचबिंदूचं. ते नजर परत आणण्यासाठी नसतंच. गेलेली नस परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून डोळ्यातला दाब उतरवायचा, एवढाच हेतू. ऑपरेशन उत्तम झालं, दाब उतरला, आणि सुरुवातीचे कित्येक दिवस मला आधीपेक्षाही धूसर दिसत होतं. असं होतं आणि बहुधा निवळतं, हे माहीत होतं. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण उत्साहाने विचारायचा, "मग, आता छान दिसतं ना?" मी "नाही" म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागायची. मी दमून गेले.

माझी एक मैत्रीण मात्र फोन करून विचारायची, "आज दाब किती?" मी आकडा सांगायची. तिने वाचून घेतलं होतं की साधारण १० ते २१ हे सर्वसामान्य, आणि माझ्यासाठी डॉक्टरांनी त्यातही खालचं लक्ष्य ठेवलंय. आकडा चांगला आला की ती मनापासून आनंदायची. माझं यश नेमकं कशात आहे हे ओळखून आनंदणारं एक माणूस मिळालं, त्यावर मी ते दिवस काढले. घरी कुणाचं काचबिंदूचं झालं असेल तर कृपा करून दाब विचारा.

*

माझ्या मुलीचं तिरळेपणाचं झालं. लिहायला फारसं नाही, दुखणं लवकर कमी झालं. पण डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होता आणि काही दिवस तिला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. तिला सर्वांत जास्त भीती याची वाटली, आणि मलाही. मेंदूला नव्या स्थितीची सवय व्हायला वेळ लागतो असं डॉक्टर म्हणाले. ती मला सांगायची, "आई, तू दोन आहेस." मी म्हणायचे, "दोघी इथेच आहोत." मग हसायची.

*

धागा काढणारी पुन्हा एकदा. काचबिंदूच्या ताई, तुमचं लिहिणं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आता आम्हीही दाबच विचारू.

दोघातिघांनी विचारलंय की किती त्रास ठीक मानायचा. खुपणं, पाणी येणं, थोडी लाली, उजेडाचा त्रास हे बहुतेकांना होतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. दुखणं वाढत जाणं, नजर एकदम कमी होणं, लाली वाढणं, पू, नव्याने चमकारे किंवा सावली, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करायचा.

आणि ज्यांचं उद्या आहे असं कळवलंय त्यांना: डॉक्टरांचा तातडीचा नंबर आजच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये घालून ठेवा, आणि एका मोठ्या कागदावर ठळक लिहून पलंगाशी चिकटवा. उद्या रात्री तुम्हाला स्क्रीनवर तो शोधता येणार नाही. केस आजच धुऊन घ्या. आणि परत आल्यावर जमेल तेव्हा, कुणाला तरी सांगून इथे दोन ओळी लिहून घ्या, आम्ही वाट बघतोय.