मेगा ड्राइव्ह: आधी केबल बदला

सेगाचा जुना गेम कन्सोल मेगा ड्राइव्ह नव्या टीव्हीला जोडायला एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावली, तरी चित्र धुरकट दिसतं, अशी एकाची तक्रार आहे. अहो, ती डबी कंपोझिटच घेते, म्हणजे पिवळ्या पिनेतून येणारा सिग्नल. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून मिसळून येतात, ते नंतर स्वच्छ वेगळे होत नाहीत. कन्सोलच्या मागच्या सॉकेटात आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून, मुळातच आहे. आरजीबी स्कार्ट केबल (स्कार्ट म्हणजे युरोपातला जुना टीव्ही-प्लग) घ्या, सोबत २४०पी (कन्सोलचं २४० ओळींचं अख्खं चित्र) ओळखणारा स्केलर, म्हणजे चित्र नव्या टीव्हीजोगं मोठं करणारी डबी. बरेच नवे टीव्ही २४०पीला ४८०आय (एकाआड एक ओळींची अर्धी-अर्धी चित्रं) समजतात आणि लागोपाठची चित्रं एकत्र विणतात, मग फटका बसल्यावर लुकलुकणारं पात्र चक्क गायब होतं.

एक मात्र आहे. सॉनिक या गेममधला धबधबा आरजीबीवर नुसत्या उभ्या रेघांचा दिसतो. कंपोझिटवर त्याच रेघा एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक होतं. तेवढ्यासाठी जुना ट्यूबवाला टीव्ही मी अजून जपून ठेवलाय.